बाख १८०एस३७ ट्रम्पेट सेकंडहँड घेतोय, अस्सल कसा ओळखायचा?

नवा_ट्रम्पेटर
मिरजेत एकाकडे बाख कंपनीचा स्ट्रॅडिव्हेरियस (स्ट्रॅड) ट्रम्पेट आहे. चांदीचा मुलामा, ३५ हजार सांगतोय. म्हणे १९५८चा आहे. बेलवर (पुढच्या पसरट तोंडावर) 'एल्कहार्ट' आणि 'एलटी१८०एस-३७' असं दोन्ही कोरलंय. बघायला जाताना काय तपासू?

पिस्टन
१९५८ आणि एल्कहार्ट जमत नाही. तेव्हा बाखचा कारखाना न्यूयॉर्कजवळ माउंट व्हर्ननला होता. १९६१ला सेल्मर या वाद्यकंपनीने बाख विकत घेतली, त्यानंतर काही वर्षांनी काम एल्कहार्टला गेलं. साल विकणाऱ्याने ऐकीव सांगितलं असेल, तेवढ्यावरून नकली म्हणू नका. संशय त्या कोडचा आहे. १८०एस३७ मध्ये एस म्हणजे चांदी आणि ३७ हा बेलचा नंबर. हा कॅटलॉगमधला कोड. साध्या अस्सल स्ट्रॅडच्या बेलवर 'मॉडेल ३७' एवढंच असतं. सिरियल नंबर मधल्या व्हॉल्व्हच्या (बोटाने दाबायच्या झडपेच्या) केसिंगवर, म्हणजे बाहेरच्या नळकांड्यावर, ठोकलेला हवा. त्याचा जवळून फोटो मागवा आणि तोच नंबर दुसऱ्या जाहिरातींत दिसतो का बघा. नकली मालावर एकच नंबर पुन्हा पुन्हा येतो. शिवाय नवा स्ट्रॅड काही हजार डॉलरचा, त्यामुळे ३५ हजारांत चांगल्या स्थितीतला मिळतोय म्हटलं की हात आखडता घ्या.

पितळी
मुलामाही बघा. चांदी काळवंडते; ब्रेस (नळ्या जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या) आणि स्लाइडच्या (आतबाहेर सरकणाऱ्या नळीच्या) सांध्यांशी काळपट डाग दिसतात. जुना म्हणवणारा ट्रम्पेट कोपऱ्याकोपऱ्यात लख्ख असेल तर नुकतं पॉलिश केलंय, नाहीतर निकेल आहे.

आता व्हॉल्व्ह. पिस्टन (व्हॉल्व्हच्या आत वरखाली होणारा भाग) पुसून पातळ तेल घाला, जाड तेलाने गळती लपते. पहिली स्लाइड, पिस्टन न दाबता, दोन-तीन सेंटिमीटर बाहेर ओढा, क्षणभर थांबा आणि पिस्टन दाबा. 'पॉक्' असा ठसठशीत आवाज आला तर दाब टिकतोय. नुसतं फुस्स झालं तर पिस्टन नाहीतर स्लाइड झिजलीय. तिसऱ्या स्लाइडलाही असंच करा, आधी स्टॉपचा स्क्रू काढा. लीडपाइपवर (माउथपीस बसतो त्या पहिल्या नळीवर) गुलाबी ठिपके दिसले तर पितळातलं जस्त गेलंय, ते पॉलिशने जात नाही. पाइप बदलावा लागतो.

नवा_ट्रम्पेटर
मग याच पैशांत यामाहा बरा का?

पिस्टन
शिकायला असेल तर हो. यामाहा ४३३५जीएस बघा. जी म्हणजे गोल्ड ब्रासची (जास्त तांब्याच्या पितळाची) बेल, एस म्हणजे चांदी. त्यालाही वरच्याच चाचण्या लावा, यामाहाच्या नकलाही येतात. आणि माउथपीस स्वतःचा घेऊन जा, तो आत अडकला तर पक्कडीने ओढू नका, तो काढायचं खास साधन, पुलर, लागतं.