‘बडतर्फ’, ‘सेवामुक्त’ की ‘कमी करणे’?

प्रश्न : एका कर्मचाऱ्याला नोकरी संपल्याचे पत्र मराठीत द्यायचे आहे. त्याच्या हातून काहीही चूक झालेली नाही. तो करत असलेले कामच आता उरलेले नाही. पत्राच्या एका मसुद्यात ‘बडतर्फ’ हा शब्द आहे, तर दुसऱ्यात ‘सेवामुक्त’. त्याचा मान राखणारा आणि तरीही नेमका असा शब्द कोणता?

उत्तर : ‘बडतर्फ’ येथे मुळीच चालणार नाही. फारसी ‘बर-तरफ’, म्हणजे ‘एका बाजूला’, यावरून आलेल्या या शब्दाच्या मूळ अर्थात दोषारोप नाही. पण आजच्या मराठीत तो केवळ शिक्षेचा शब्द आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मध्ये ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘सेवेतून बडतर्फ करणे’ या दोन स्वतंत्र शिक्षा सांगितल्या आहेत. पहिलीमुळे पुढे शासकीय नोकरी मिळण्यास अपात्रता येत नाही, दुसरीमुळे सर्वसाधारणपणे येते. म्हणजे निर्दोष माणसाला ‘बडतर्फ’ म्हणणे हे नुसते कठोर नाही, तर खोटे आहे. ‘बरखास्त’ हा शब्द हिंदीत नोकराला लावतात; मराठीत सभा, समिती किंवा विधानसभा बरखास्त होते, माणूस नव्हे. ‘निलंबित’ तर विचारातही घेऊ नये, कारण निलंबनात नोकरी टिकून असते.

‘सेवामुक्त’ सौम्य वाटतो खरा, पण मला तो खटकतो. माणूस मुक्त होतो तो कर्जातून, बंधनातून, आजारातून. ज्याला काम हवे होते त्याला ‘आम्ही आपल्याला मुक्त केले’ असे कळवण्यात नकळत थट्टा होते. ‘कार्यमुक्त’चा घोटाळा आणखी वेगळा आहे : बदली झालेल्या कर्मचाऱ्याला जुन्या जागेवरून सोडतानाही हाच शब्द वापरतात, त्यामुळे पत्र वाचणाऱ्याला नोकरी गेली की केवळ जागा बदलली, हे कळणार नाही.

बोलण्यात मात्र आपल्याकडे एक चांगला प्रयोग आहे : ‘त्याला कामावरून कमी केले’. ‘काढले’ म्हटले की ऐकणारा लगेच कारण शोधू लागतो. ‘कमी केले’ म्हटले की माणसांची संख्या घटवावी लागली, एवढाच बोध होतो. 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील ‘कपात’ या संज्ञेतही हाच भेद होता, कारण शिस्तभंगाची शिक्षा म्हणून सेवा संपवणे त्या व्याख्येतून वगळलेले होते. तरीही एकट्या माणसाच्या पत्रात ‘कपात’ लिहू नये. तो बिचारा ती पगारातली समजेल.

माझी पसंती ‘नेमणूक संपुष्टात आणणे’ याला आहे. संपते ती नेमणूक. माणूस वाक्यात कर्म म्हणून येत नाही, म्हणून त्याला काढले, हलवले किंवा घालवले असे काही म्हणावेच लागत नाही. (‘नारळ देणे’, ‘डच्चू देणे’, ‘गच्छंती’ हे शब्द मथळ्यांसाठी ठीक आहेत. ‘अर्धचंद्र देणे’ यात तर मान पकडणाऱ्या हाताचा आकारच दिसतो.)

शंका : ‘नेमणूक संपुष्टात आणत आहोत’ हे फार थेट वाटते. त्याऐवजी ‘सेवा समाप्त करण्यात येत आहे’ असे लिहिणे अधिक सभ्य नाही का? शिवाय ‘कमी करणे’ हे बोलीतले आहे, पत्रात ते कसे शोभेल?

उत्तर : ‘कमी करणे’ पत्रात न वापरता समोरासमोर बोलताना वापरावे, हे मान्य. ‘करण्यात येत आहे’ याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. या रचनेतून कर्ता गायब होतो, आणि ज्याची नोकरी जात आहे त्याला निर्णय कोणी घेतला हे कळण्याचा अधिकार असतो. ‘आम्ही हा निर्णय घेतला आहे’ असे लिहिल्याने उद्धटपणा होत नाही, जबाबदारी घेतली जाते.

उद्धटपणा कुठे येतो हे पाहायचे असेल, तर सहायक क्रियापदांकडे पाहावे. ‘काढले’ आणि ‘काढून टाकले’ यांत घटना एकच आहे, पण ‘टाकणे’ जोडले की नको असलेली वस्तू फेकल्याचा भाव येतो. नियमांच्या भाषेत ते रूढ आहे म्हणून खासगी पत्रातही उतरावे, असे नाही.

आणखी एक बारकावा ‘आपला’ या शब्दाचा आहे. तो आदरार्थी ‘तुमचा’ही होतो आणि तुम्हा-आम्हा सर्वांचाही होतो. एका मसुद्यात ‘आपल्या संस्थेला आपल्या सेवेची आवश्यकता राहिलेली नाही’ असे वाक्य मी वाचले आहे. पहिल्या ‘आपल्या’ने त्या माणसाला घरात घेतले आणि दुसऱ्याने लगेच उंबऱ्याबाहेर उभे केले. अशा ठिकाणी ‘आमच्या संस्थेत आपण करत असलेले काम यापुढे चालू राहणार नाही, त्यामुळे आम्ही आपली नेमणूक अमुक तारखेपासून संपुष्टात आणत आहोत’ असे लिहावे, आणि देय रकमेचा तपशील त्याच परिच्छेदात द्यावा.