शर्टावरील प्रायोजकाला खेळाडूंचा धार्मिक आक्षेप : करारात कलम कसे लिहावे? (मदत हवी आहे)

नमस्कार.

इंग्लंडच्या मिडलँड्स भागातील एका लहानशा क्रिकेट क्लबचा मी गेली चार वर्षे बिनपगारी सचिव आहे. पुढील हंगामाचा प्रायोजकत्वाचा करार महिनाअखेरीस करायचा असून त्यातील एका कलमापाशी मी अडलो आहे. करारमदार किंवा क्रीडासंस्थांचे कामकाज यांची माहिती असणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आमचा प्रायोजक म्हणजे मैदानासमोरचा पब. तो हंगामाला १,२०० पौंड देतो आणि त्याबदल्यात आमच्या शर्टाच्या छातीवर पबचे नाव व बिअरच्या पिंपाचे चित्र असते. यंदा एकोणीस वर्षांचा एक डावखुरा फिरकी गोलंदाज क्लबात आला. कुटुंब मूळचे सुरतेकडचे, मुस्लिम. पहिल्या सामन्याआधी त्याने मला बाजूला घेऊन अतिशय नम्रपणे सांगितले की हा शर्ट त्याला घालता येणार नाही. पीत नाहीस ना, मग नुसत्या शर्टाने काय बिघडते, अशी आमच्या कप्तानाची समजूत होती. परंतु इस्लामी परंपरेत मद्य पिणाऱ्याबरोबर ते विकणारा आणि वाहून नेणाराही दोषी मानला जातो, त्यामुळे छातीवर त्याची जाहिरात मिरवणे त्याला मान्य होणे शक्य नव्हते. त्या दिवशी प्रथमोपचाराच्या पेटीतील पांढरी चिकटपट्टी चित्रावर लावून वेळ मारून नेली. तिसऱ्या षटकात घामाने पट्टीचे टोक सुटले आणि त्यानंतर प्रत्येक चेंडू टाकून परतताना तो पोरगा ती तळहाताने दाबत राहिला.

दोन आठवड्यांनी दुसरा आक्षेप आला, तो आमच्या यष्टिरक्षकाचा. हे गृहस्थ सोलापूर जिल्ह्यातले, माळकरी. तुळशीची माळ शर्टाच्या आत, आणि बरोबर तिच्यावर बिअरचे पिंप! दोन हंगाम तोच शर्ट घातलात, मग आताच काय झाले, असे समितीत एकाने विचारले. मला तो प्रश्न गैर वाटतो, कारण अशी सवलत मागता येते हेच त्यांना तोवर ठाऊक नव्हते.

मोठ्या खेळाडूंची उदाहरणे मी पाहिली आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या शर्टावर कॅसल लागर या बिअरचे नाव असताना हाशिम आमला ते न लावता खेळला. २०१३ मध्ये पाकिस्तानात जन्मलेल्या फवाद अहमदने ऑस्ट्रेलियाकडून खेळताना व्हीबी या बिअरचे बोधचिन्ह लावायला नकार दिला. डग वॉल्टर्ससारख्या माजी खेळाडूंनी त्यावर टीका केली, पण क्रिकेट ऑस्ट्रेलियाने त्याची पाठराखण केली. सचिन तेंडुलकरने १९९६ च्या विश्वचषकात बॅटवर कोणतेही स्टिकर लावले नव्हते, कारण तंबाखूची जाहिरात करायची नाही असे वडिलांना दिलेले वचन होते. गंमत म्हणजे ती स्पर्धाच विल्स या सिगारेटच्या नावाने भरली होती. पण बॅट खेळाडूची स्वतःची असते, शर्ट संघाचा, आणि आमचा पेच नेमका तिथेच आहे.

पबमालक भला माणूस आहे. दोन कोरे शर्ट त्याला चालतील, मात्र उद्या कोणीही उठून नको म्हणू नये यासाठी प्रत्येकाने आपल्या धर्मगुरूंचे पत्र आणावे, अशी त्याची अट आहे. फिरकीपटू मशिदीतून पत्र आणू शकेल. माळकऱ्याने कोणाचे आणावे? ज्या महाराजांच्या हातून माळ घेतली ते पंढरपुरात असतात आणि इंग्रजीत पत्रे लिहीत नाहीत.

श्रद्धेचा पुरावा न मागता, तरीही प्रायोजकाला वाऱ्यावर न सोडता हे कलम कसे लिहावे?

प्रतिसाद १

पत्राची अट मान्य करू नका. न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबच्या पापिस सिसे या मुस्लिम खेळाडूचे काय झाले ते आठवा. २०१३ मध्ये वोंगा या चढ्या व्याजाने कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव छातीवर लावायला, इस्लामला व्याज मान्य नाही म्हणून, त्याने नकार दिला आणि संघाबरोबर पोर्तुगालच्या सरावदौऱ्यावरही तो गेला नाही. तेवढ्यात त्याचे कॅसिनोतील छायाचित्र प्रसिद्ध झाले, आणि व्याजाचा मुद्दा बाजूला पडून हा माणूस कितपत धार्मिक आहे याचीच चर्चा सुरू झाली. शेवटी त्याने तो शर्ट घातला. उलट सॉनी बिल विल्यम्स या मुस्लिम रग्बीपटूने २०१७ मध्ये कॉलरवरील बँकेचे नाव पट्टीने झाकले, त्यानंतर न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेने त्याच्याशी बोलून बँक, मद्य आणि जुगार यांची चिन्हे न लावण्याची मुभा मान्य केली. तिथे प्रवर्ग ठरला, माणसाची परीक्षा झाली नाही.

तुम्हीही तसेच लिहा: हंगामापूर्वी ठरावीक तारखेपर्यंत लेखी कळवणाऱ्या खेळाडूस कोरा शर्ट मिळेल, कारण विचारले जाणार नाही. प्रायोजकाची भरपाई सीमारेषेवरच्या फलकाने किंवा धावफलकावरील जागेने करा. शिवाय ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा श्रद्धेला संरक्षण देतो आणि निवड करून सभासद घेणाऱ्या, २५ किंवा अधिक सभासदांच्या मंडळांनाही तो लागू आहे, हे समितीच्या कानावर घाला.

एक प्रश्न: तुमच्याकडे कनिष्ठ संघ आहे का? मद्य उद्योगाची स्वतःचीच आचारसंहिता मुलांच्या शर्टांवर मद्याचे नाव येऊ देत नाही.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. कनिष्ठ संघ आहे आणि त्या मुलांचे शर्ट पहिल्यापासून कोरेच छापून घेतो; त्याबद्दल पबमालकाने आजवर कोणाचेही पत्र मागितलेले नाही, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. बैठकीत हाच दाखला देईन. काल कपाटातून त्यातले दोन काढून पाहिले. फिरकीपटूला सर्वांत मोठे माप व्यवस्थित बसले, यष्टिरक्षकाला गळ्यातून खालीही उतरेना. त्यांच्यासाठी एक नवा छापायला टाकला आहे. समितीच्या मंजुरीआधी टाकला, हे मात्र कृपया इथेच राहू द्या.