विडंबन, विटंबना आणि 'हसं'

परवा रविवारी सदाशिव पेठेत आमच्या वाचनगटात 'डॉन किहोटे' (सर्व्हांतेसची स्पॅनिश कादंबरी, शूर सरदारांच्या कथा वाचून वाचून स्वतःलाच सरदार समजायला लागलेल्या म्हाताऱ्याची) वाचून संपली आणि चहा येईपर्यंत वाद सुरू झाला, तो इथे मांडतेय. एक काका म्हणाले ही शोकांतिका आहे. एक ताई म्हणाल्या छे, विनोदी कादंबरी, पहिला भाग तर आपण पोट धरधरून हसत वाचलाय. मला दोन्ही पटेना.

'शोकांतिका' म्हणजे जिचा अंत शोकाचा, 'शोकात्मिका' म्हणजे जिच्या आतच शोक. पेपरात आणि भाषणात पहिला शब्द कुठल्याही वाईट गोष्टीला लावतात त्यामुळे त्यातला 'अंत' आता कुणाला ऐकूच येत नाही. पण या पुस्तकात दुःख शेवटाची वाट बघत नाही, पहिल्याच प्रकरणात बघा, म्हाताऱ्याला पणजोबांच्या वेळचं शिरस्त्राण सापडतं पण त्याला चेहरा झाकायचा भाग नसतो, मग तो पुठ्ठ्याचा करतो, आठवडाभर खपून, आणि मजबूत आहे का बघायला तलवार मारतो तर पहिल्याच घावात आठवड्याचं काम खलास. पुन्हा करतो, आतून लोखंडाच्या पट्ट्या लावतो. आणि यावेळी तपासून बघत नाही. मी तिथे हसले आणि हसता हसता थांबले.

आता मुद्द्याचे शब्द. हे पुस्तक म्हणजे शूर सरदारांच्या भाकडकथांचं विडंबन, हे सगळेच सांगतात. पण संस्कृतातला जो 'विडंबना' शब्द आहे त्याचीच मराठीत 'विटंबना' झालीये! म्हणजे एकाच मुळाचे दोन शब्द, एक हसवणारा, दुसरा ऐकला तरी अंगावर काटा येतो. सर्व्हांतेसने विडंबन केलं पुस्तकांचं आणि विटंबना झाली त्या माणसाची, आणि दोन्ही एकाच पानावर. यासाठी मराठीला बाहेरून शब्द आणायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे.

आणि याहून घरगुती जोडी म्हणजे 'हसू' आणि 'हसं'. हसू येतं, फुटतं, आवरत नाही, रडूसारखंच न बोलावता येतं. हसं मात्र येत नाही, ते होतं, नाहीतर कुणीतरी करतं. हसू आपल्या तोंडात असतं, हसं दुसऱ्याच्या वाट्याला येतं.

हा फरक मला घरातच कळला. बाबा रिटायर झाले त्या वर्षी कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत पोवाडा म्हणायला उभे राहिले, फेटा स्वतः बांधलेला, कमरेला पुठ्ठ्यावर चांदीचा कागद चिकटवून केलेली तलवार, आणि दुसऱ्याच चौकात आवाज फाटला, तलवार उपसली तर ती मधोमध वाकली, पुढची पोरं मोबाईल वर करून खिदळत होती आणि मलाही हसू आलं, खरंच आलं. घरी येऊन बघते तर बाबा पलंगावर बसून फेट्याची घडी घालतायत, एकेक पदर तळव्याने सपाट करत, अगदी सावकाश. आई आतून म्हणाली, "उगाच हसं करून घेतलंत." माझं हसू आणि त्यांचं हसं, प्रसंग तोच.

म्हणून मला दुसरा भाग (१६१५ चा, पहिला १६०५ चा) जास्त मोठा वाटतो. त्यात ड्यूक आणि त्याच्या बायकोने पहिला भाग वाचलेला आहे, त्यामुळे ते डॉन किहोटेला मुद्दाम वाड्यावर ठेवून घेतात आणि रोज नवी थट्टा, लाकडी घोड्यावर डोळे बांधून बसवतात, भात्याने वारा घालून आकाशात उडतोयस म्हणतात. तिथे मला हसू येईना. पुढे कादंबरीतच म्हटलंय की थट्टा करणारेही त्याच्याइतकेच वेडे.

–––

> (एका वाचकाचा प्रश्न) 'फजिती' का नाही घेतलात? तोच अर्थ ना? आमच्याकडे तर फजितीच म्हणतात सर्रास.

चांगलं विचारलंत. फजिती मूळची अरबी-फारसी 'फजीहत', तिथे अर्थ बेअब्रू असा जड आहे, पण मराठीत येऊन ती हलकी झाली. आपण स्वतःच चारचौघांत रंगवून सांगतो ना, "अहो माझी काय फजिती झाली!" आणि सगळ्यांबरोबर आपणही हसतो. "माझं हसं झालं" असं कुणी हसत सांगितलेलं मी तरी ऐकलं नाहीये. डॉन किहोटे पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला घेऊन धावला ती फजिती म्हणता येईल, कारण उठल्यावर त्याच्याकडे उत्तर तयार होतं, जादूगाराने राक्षसांच्या पवनचक्क्या केल्या म्हणून. ड्यूककडे झालं ते हसं.

शेवटी मरताना तो शुद्धीवर येतो, सांचोची, म्हणजे त्याच्याबरोबर फिरणाऱ्या सेवकाची, माफी मागतो की माझ्यामुळे तूही वेडा ठरलास, आणि सांचो रडत म्हणतो उठा मालक, मरू नका, आपण मेंढपाळ होऊन रानात जाऊ. आता तोच त्याला स्वप्नात परत बोलावतोय. हे वाचताना आमच्या गटात कुणी बोललं नाही, वाचणाऱ्या काकांनी चष्मा काढून ठेवला.

कोल्हापूर, नगर, विदर्भाकडची मंडळी असतील तर सांगा, तुमच्याकडे घरात 'हसं' म्हणतात का, की दुसराच शब्द आहे?