नवीकरणीय ऊर्जेसाठी वेगळा कायदा हवा, की आहे तो पुरे?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
2015 साली केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने स्वतंत्र कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. त्याचा कायदा काही झाला नाही. आज देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून इतर) स्रोतांचा वाटा निम्म्यावर आलाय, 2030 साठी अशाच 500 गिगावॅटचं लक्ष्य आहे. आणि एवढा डोलारा उभा आहे तो मुख्यतः 2003 च्या वीज कायद्यातल्या कलम 86 च्या एका पोटकलमावर! वितरण कंपन्यांनी नवीकरणीय वीज किती टक्के घ्यायची ते राज्यांच्या वीज नियामक आयोगांनी ठरवावं, असं ते सांगतं. बाकी बरंचसं नियम, अधिसूचना आणि योजनांवर चाललंय. ते बदलायला संसदेत जावं लागत नाही.

2019 मध्ये आंध्रात सरकार बदललं आणि आधीचे सौर-पवन करार महाग म्हणून दर खाली आणायचा घाट घातला गेला. करारातल्या दरानेच पैसे द्या, असं उच्च न्यायालयाने सांगेपर्यंत 2022 उजाडलं. छतावर कर्ज काढून पॅनेल बसवणाऱ्या घरमालकाने एवढं कसं लढायचं? जोडणीच्या दिवशी नेट मीटरिंगचा (छतावरची जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करण्याचा) जो हिशेब असेल तो मुदतभर टिकेल, ही हमी कायद्यातच हवी.

वीजलेखा
आंध्रचे करार वाचले ते आहे त्याच कायद्याने. मग नवीन कशाला?

खरं दुखणं वितरण कंपन्यांच्या तिजोरीत आहे. शेतीपंपाची स्वस्त वीज उद्योगांच्या चढ्या दरातून भागवायची, आणि तेच उद्योग ओपन ॲक्सेस घेऊन, म्हणजे दुसऱ्याकडून थेट वीज विकत घेऊन, बाहेर पडायला लागले की कंपनीने काय करायचं? शिवाय सूर्य मावळल्यावर मागणी वाढते. त्या वेळेला साठवणूक हवी, पंप्ड स्टोरेज (पाणी वर चढवून ठेवायचं, लागेल तेव्हा खाली सोडून वीज करायची) हवं, वाहिन्या हव्यात. राजस्थानात तयार सौरवीज वाहिन्यांअभावी अडते. ती कलमांनी वाहून नेता येणार नाही.

आणि नेट मीटरिंगची मुदतभर हमी मला अन्यायाची वाटते. छतवाला रात्री ग्रिडचीच वीज वापरतो. त्या तारांचा खर्च चाळीतल्या भाडेकरूने का भरावा?

कृष्णाकाठ
भाडेकरूचा मुद्दा मोलाचा आहे. पण त्यावर वाजवी ग्रिड आकार लावा, तोही आधी सांगून. अधेमधे हिशेबच बदलू नका.

तिजोरीचं म्हणाल, तर खरेदीचं बंधन न पाळणाऱ्याला वीज कायद्यात शिक्षा काय आहे बघा. कलम 142 : एका उल्लंघनाला जास्तीत जास्त एक लाख रुपये, पुढे चालू राहिलं तर दिवसाला सहा हजार. हजारो कोटींची उलाढाल असणाऱ्या कंपनीला याची कसली जरब?

वीजलेखा
2022 च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्तीने बिगर-जीवाश्म वापराची सक्ती आणि त्यासाठी मोठा दंड, दोन्ही आणलेत. ते आधी नीट राबवू द्या. आणि सरकारी वितरण कंपनीला दंड म्हणजे या खिशातून त्या खिशात. त्याने एक मेगावॅटही वाढत नाही.

माणदेशी
तुम्ही दोघंही विजेवर बोलताय, जमिनीवर कुणीच नाही. सौर प्रकल्पाला पर्यावरण आघात मूल्यांकनाची पूर्वमंजुरी लागत नाही. सरकारी नोंदीत आमचं माळरान 'पडीक'. त्या पडीकावर धनगरांची मेंढरं जगतात, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक हा दुर्मीळ पक्षी होता. राजस्थान-गुजरातचे माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतात, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2024 च्या त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा मूलभूत हक्क मानला गेला. पण पक्षी, चराई आणि पॅनेल यांचा मेळ निकालानिकालाने किती दिवस घालायचा? मला कायदा हवाय, पण कृष्णाकाठांना हवा तो नव्हे. कंपनीच्या कराराला हमी द्याल, तर चराईच्या हक्कालाही द्या.

वीजलेखा
जमीन राज्यांच्या सूचीत आहे. वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत. केंद्राच्या ऊर्जा कायद्यात चराई घुसडलीत तर तो पहिल्याच याचिकेत अडकेल.

माणदेशी
भूसंपादन समवर्ती सूचीतच आहे की. 2013 चा कायदा केंद्राचाच, आणि खासगी प्रकल्पाला 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते ती त्यातच. मेख अशी की थेट भाडेपट्टा केला की भूसंपादन होतच नाही, मग संमतीची अटही उरत नाही. ज्याच्या नावावर सातबारा तो भाडं घेतो, मेंढपाळाला कुणी विचारत नाही. गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव, खासगी माळ असेल तर चराईची वाट मोकळी ठेवण्याची अट, आणि शेळ्या-मेंढ्या खालून चरू शकतील इतक्या उंचीवर पॅनेल. असा कायदा राज्याने करायचा असेल तर राज्याने करावा, पण पुढच्या सौर पार्कचं कुंपण पडायच्या आत.