मदत हवी आहे: रॅकहॅम पद्धतीत टाकाची रेघ वॉशखाली टिकत नाही

इंग्रज पुस्तकचित्रकार आर्थर रॅकहॅम (१८६७–१९३९) यांची गाठाळ, वेडीवाकडी झाडं समोर ठेवून वडाच्या पारंब्या करतोय. नक्कल नको, पद्धत हवी: आधी पेन्सिल, त्यावर टाकाने शाई, मग पारदर्शक जलरंगाचे मातकट, पातळ थर, म्हणजे वॉश.

कागद ३०० जीएसएम कॉटन, कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत), ए-४. पहिला थर रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगाचा.

साधी काळी शाई रात्रभर वाळवूनही दुसऱ्या वॉशला करडी पसरते. शेलॅकवाली (लाखेची) वॉटरप्रूफ शाई पसरत नाही, पण टाकाच्या चिरेत सुकून बसते. पिगमेंट लायनर (तयार शाईचा बारीक पेन) पक्का, मात्र रेघ एकाच जाडीची. मग रॅकहॅमचं उरलं काय? हॉट प्रेस्ड, म्हणजे गुळगुळीत कागदावर टाक छान पळतो, पण वॉशच्या कडा कडक उमटतात. शिवाय तिसऱ्या थराला खालचा रंग उचलला जाऊन चिखल होतो.

रेघ शेवटी मारा, असं कृपया सुचवू नका; छटा रेघांच्या जाळीवरच बसवायच्या आहेत. स्कॅन करून रंग भरणंही नको. हवा कोकणातल्या पावसाळ्याची, एसी नाही.

टाकातून मोकळी वाहणारी आणि वाळल्यावर तीन-चार वॉश सोसणारी शाई कोणती? आणि तळाच्या थराला रॉ अंबरऐवजी कागदात मुरणारा, सहज न उचलला जाणारा कोणता रंग वापरता?