मॉडेम बदलायच्या आधी लाइन बघा
ज्यांनी एडीएसएल (टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट) मॉडेमच्या स्टेटस पेजवर एफईसीचा आकडा लाखात दिसतोय म्हणून मॉडेमच बदलायचं ठरवलंय, त्यांनी जरा थांबावं. एफईसी म्हणजे चुकलेले बाइट मॉडेमने रीड-सोलोमन हा चुका दुरुस्त करणारा कोड वापरून जागच्या जागी दुरुस्त केले, ते परत मागवावे लागले नाहीत. खरं लक्ष ठेवायचं ते सीआरसीवर, म्हणजे दुरुस्त न झालेल्या एररच्या आकड्यावर, तिथे खराब झालेला डेटा गेलाच, मग टीसीपी (इंटरनेटवर डेटा नीट पोचवायची पद्धत) ते पॅकेट पुन्हा पाठवतं आणि वर लाइनवर गर्दी झालीये असं समजून वेगही कमी करतं, म्हणून थोड्याशा एररनेही डाउनलोड एकदम रखडतं.

आधी फिल्टर (फोन आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे ठेवणारी छोटी डबी) तपासा. एकाच लाइनवर दोन-तीन फोन असतील तर प्रत्येकाला फिल्टर पाहिजे, एकाला जरी नसला तरी रिंग वाजली की सीआरसी भसाभस वाढू शकतात. मग मॉडेम थेट पहिल्या सॉकेटला लावून बघा. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की फोनवर खरखर येते, ती असेल तर सेटिंगमध्ये कितीही खेळा काही होत नाही, जॉइंटच नवा करून घ्या.

एवढं करूनही एसएनआर मार्जिन (नॉइज सहन करायला सिग्नलकडे उरलेली शिल्लक) ६ डीबीच्या खाली जात असेल तर इंटरनेट कंपनीकडून प्रोफाइल (लाइनला ठरवून दिलेलं स्पीडचं सेटिंग) बदलून मागा, थोडा कमी स्पीड घेतला की मार्जिन वाढतं. आणि इंटरलीव्हिंग चालू करायला सांगा, त्याने नॉइजचा एक झटका बऱ्याच कोडवर्डमध्ये (दुरुस्तीसाठी पाडलेल्या डेटाच्या तुकड्यांमध्ये) विखुरला जातो आणि दुरुस्त होतो. पिंग (डेटा जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) थोडा वाढतो, गेमवाल्यांना ते नको वाटेल, बाकीच्यांनी बिनधास्त घ्या.