औषधांची नक्कल करणाऱ्या भारतीय कंपन्या नवे काही करायला कशा शिकल्या?

जिज्ञासू :
१९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचे पेटंट काढून टाकले, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवरचे ठेवले आणि त्यामुळे आपला औषधउद्योग वाढला, असे नेहमी वाचायला मिळते. परंतु कायदा केवळ मुभा देतो. अशी मुभा इतरही अनेक देशांत होती, तेथे असा उद्योग उभा राहिला नाही. मग आपल्याकडे कसब आले कोठून?

पायलट_प्लँट :
औषध बनवण्याची पद्धत बसवणाऱ्या प्रोसेस विभागात काही वर्षे काढली आहेत, म्हणून त्या बाजूने लिहितो. तोच रेणू, पण वेगळ्या वाटेने बनवायचा, ही अटच खरी शाळा ठरली. चंचुपात्रात जमलेली कृती हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये नेली की उष्णता आवरत नाही, स्फटिक भलतेच पडतात, अशुद्धी वाढते. या अडचणींशी झगडता झगडता मूळ कृतीतला एखादा टप्पा गाळण्याची युक्तीही सापडते. शिकवणारेही होते : पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आणि आयडीपीएल ही सरकारी औषध कंपनी, जेथे नोकरी केलेल्या अंजी रेड्डी यांनी १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज ही स्वतःची कंपनी काढली. सरकारी कारखान्यांना तोट्यासाठी आपण नावे ठेवतो, पण त्यांनी तयार केलेली माणसे हिशेबात धरत नाही.

साशंक :
पद्धतीतले कसब मान्य आहे. २००१ मध्ये सिप्लाने एचआयव्हीवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य दर १०,००० डॉलरच्या वर होते. शिवाय तिन्ही औषधांचे मालक वेगवेगळे असल्याने ती एका गोळीत आणणे त्यांना सोपे नव्हते, ते येथे झाले. पण नवा रेणू शोधणे ही निराळीच विद्या आहे. डॉ. रेड्डीजने मधुमेहावरचा रॅगाग्लिटाझार हा आपला नवा रेणू नोव्हो नॉर्डिस्क या डॅनिश कंपनीला पुढील विकासासाठी दिला आणि २००२ मध्ये प्राण्यांच्या मूत्राशयात गाठी आढळल्याने त्याच्या चाचण्या थांबल्या.

पायलट_प्लँट :
बरोबर, रिॲक्टरपाशी उभे राहून विषशास्त्र शिकता येत नाही. तरी त्याच जातकुळीतल्या सारोग्लिटाझारला, झायडस या भारतीय कंपनीच्या स्वतःच्या रेणूला, २०१३ मध्ये भारतात मंजुरी मिळालीच. माझ्या मते येथे रसायनज्ञ कधीच कमी पडले नाहीत. दहा-बारा वर्षे पैसा अडकवून शेवटी हात रिकामे राहिले तरी पुन्हा त्याच वाटेला जाणारे मालक मात्र मोजकेच निघाले.